फरिदाभाभींनी बसवलेली अक्षरं

भिगवण स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मासळीच्या एका खानावळीला चिकटून, फरिदा तांबोळी यांचं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्सचं धूड आणि लॅमिनेशनचं यंत्र एवढं मावल्यावर गिऱ्हाइकासाठी उरते ती एका प्लास्टिकच्या खुर्चीची जागा. बाहेरून रश्श्याचा वास येतो, आत गरम कागदाचा असतो. त्या खुर्चीत बसलं की पहिल्यांदा कानावर येतं ते भाभींचं बोलणं, आणि ते आपल्याशी नसतं. पडद्यावरच्या फोटोशी असतं.

"बस की नीट. आत्ता तर तुला हितं ठेवलं, वर कशाला गेलास?"

नवीन माणूस दचकतो. आम्हा जुन्यांना सवय आहे. फोटो, चौकट, अक्षर, सगळ्यांना त्या घरातल्या पोरांसारखं रागावतात, आणि ती पोरं शेवटी ऐकतातही.

मी सुकन्या. माहेर कळसचं, सासर बारामतीचं. बारामतीत घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. जीभ जरा तिखट आहे, ती वडिलांकडून आली. लिहिण्याचा माझा संबंध मापं उतरवून घेण्यापुरता. पण फरिदाभाभींनी आमच्या घरासाठी जे केलं ते कुठंतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून हा उद्योग.

भाभींचं माहेरही बारामतीचंच. दहावीनंतर लग्न ठरेपर्यंत पोरीनं रिकामं बसू नये म्हणून वडिलांनी टायपिंगच्या क्लासला घातलं. ही पोरगी तिथं अशी रमली की लग्न ठरलं तरी क्लास सुटेना. लग्न होऊन भिगवणला आल्या. नवरा, युनूसभाई, मासळीच्या व्यापारात. उजनीच्या पाण्यातली चिलापी, मरळ लिलावात घ्यायची, बर्फात घालायची आणि टेम्पोनं पुढं पाठवायची. घरात सगळ्यांच्या हाताला मासळीचा वास आणि ह्या एकटीच्या बोटांना शाईचा. सासूनं नाक मुरडलं असेल असं तुम्हाला वाटेल. उलट सासूनंच जुना टाइपरायटर घेऊन दिला, आणि शेजारणींना सांगत फिरली की आमची सून कोर्टातल्यासारखं टायपिंग करते. हे सांगताना भाभींचा चेहरा आजही फुलतो.

पुढं कॉम्प्युटर आला, तेव्हा त्या वर्ड शिकल्या आणि तिथंच थांबल्या. पत्रिका करणारी बाकीची मंडळी भारी भारी सॉफ्टवेअर वापरतात. भाभी सगळं वर्डमध्येच करतात. लग्नपत्रिका, साखरपुडा, दशक्रियेचा कागद, बालवाडीचं प्रमाणपत्र, 'भावी सरपंच' म्हणून मिरवणाऱ्याचा वाढदिवस, सगळं. कुणी टोकलं तर म्हणतात, एका चुलीवर सगळा सैपाक होतोय, तर दुसरी कशाला मांडू?

वर्डमध्ये फोटोवर अक्षरं बसवायची म्हणजे काय, ते मला त्यांनी एकदा दाखवलं होतं. फोटो नुसता टाकला तर तो ओळीत अडकून बसतो आणि मजकुराबरोबर खालीवर होतो. त्याला आधी ओळीतून मोकळा करायचा, मग मजकुराच्या मागे पाठवायचा. अक्षरांसाठी वेगळी चौकट घ्यायची, तिच्या कडा काढून टाकायच्या, आतला रंग काढायचा, की ती काचेसारखी होते आणि नुसती अक्षरं फोटोवर तरंगतात. मी म्हणाले, म्हणजे फोटो अस्तरासारखा. भाभींना ते फार आवडलं. पण अस्तर टाचलं नाही तर कापडाखाली हिंडतं, तसंच ह्याचंही आहे, असं त्या म्हणाल्या.

त्यांचा एक नियम मात्र कुणासाठीही मोडत नाही. माणसाच्या चेहऱ्यावर अक्षर येऊ द्यायचं नाही. त्यांचा धाकटा भाऊ अपघातात गेला, तेव्हा त्याच्या मित्रांनी घाईघाईत कुठून तरी श्रद्धांजलीचा बोर्ड करून चौकात लावला होता. त्यावर 'भावपूर्ण' हा शब्द नेमका त्याच्या डोळ्यांवरून गेला होता. मित्रांनी प्रेमानंच केलं होतं, त्यांना काय बोलणार, असं भाभी म्हणतात. पण तेव्हापासून पत्रिकेवर कितीही पुतणे, भाचे आणि पुढारी कोंबायचे असोत, कुणाच्या तोंडावर त्या कानामात्रासुद्धा जाऊ देत नाहीत. जागा पुरली नाही तर मजकूर कापतात आणि गिऱ्हाइकाशी भांडतात.

आता आबांचं सांगते. आबा म्हणजे माझे वडील, रावजी. कळसमध्ये आबांसारखा बोलणारा माणूस नव्हता. पारावर बसले की ऊस, कारखाना, पाऊसपाणी, कुणाची सोयरीक कुठं जमली, कशावरही तास तास बोलायचे. दूधवाला दूध न्यायला आला की अडकायचाच. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी हातातला चहाचा पेला गळून पडला आणि आबा एका बाजूला कलंडले. बारामतीच्या दवाखान्यात जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. तोंडातून फक्त "बा, बा" एवढाच आवाज यायचा. पाणी हवं तरी बा, खिडकी लावायची तरी बा, राग आला तरी बा.

हातपाय गेल्याचं आबांनी सोसलं असतं. बोलणं गेल्याचं त्यांना सोसेना. आई पाणी द्यायची तर त्यांना पाणी नको असायचं, गोधडी द्यायची तर तीही नको असायची. मग डाव्या हातानं पेला फेकायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. आई निमूट फरशी पुसायची. माझी आई जयवंताबाई, उभ्या जन्मात आबांपुढं फार बोललेली नाही, कारण आबांनी बोलायला जागाच ठेवली नव्हती. आता घरात एवढी शांतता होती की तिला काम सुचायचं नाही. म्हणून मी शिवणकाम बंद ठेवून माहेरी येऊन राहिले होते.

दवाखान्यात वाचेचे उपचार करणाऱ्या संस्कृती मॅडम होत्या. वयानं लहान, पण फार धीराच्या. त्यांनी आम्हाला नीट समजावलं. आबांना वेड लागलेलं नाही, त्यांच्या डोक्यात वस्तूही आहेत आणि शब्दही आहेत, पण दोन्हींची गाठ सुटली आहे. ती एकेक करून पुन्हा बांधायची. त्यासाठी त्यांच्या रोजच्या वस्तूंचे आणि माणसांचे फोटो घ्या, प्रत्येकावर मोठ्या ठळक अक्षरात एकच शब्द हवा. तुम्ही शब्द वाचायचा, त्यांनी फोटोवर बोट ठेवायचं. पुढं ते स्वतःच कार्ड उचलून मागायला लागतील.

माझा भाऊ राम लगेच बाजारातून बालवाडीचा तक्ता घेऊन आला. अ अननसाचा. आबांनी अननसाकडे बघितलं, मग रामकडे बघितलं. ती नजर काही बोलल्याशिवायच सगळं बोलली. मी तक्ता गुंडाळून माळ्यावर टाकला आणि मोबाइलवर घरातल्या वस्तूंचे फोटो काढून भिगवणला भाभींकडे गेले.

भाभींनी एकेक फोटो मोठा करून बघितला. चहाच्या कपावर थांबल्या आणि विचारलं, आबा ह्यातून चहा पितात? नाही, ते स्टीलच्या पेल्यातून पितात. मग हा कुणाचा कप? शोकेसमधला. "मग हा पावन्याचा कप हाय, सुकन्या. आबांचा पेला आन." तांब्याचंही तसंच, गोधडीचंही तसंच. गाय म्हणून मी रामच्या नव्या जर्सीचा फोटो नेला होता, तो नाकारला गेला आणि आबांच्या म्हाताऱ्या खिलारीचा मागवला गेला. मी कुरकुरत पुन्हा कळसला आले, पुन्हा फोटो काढले.

मग त्या कामाला बसल्या. काळ्या घागरीवर काळं अक्षर दिसेना, म्हणून पांढरं केलं. पांढऱ्या गाईवर पांढरं दिसेना, म्हणून गडद निळं केलं. गोधडीवर इतके रंग की कुठलंच अक्षर उठेना, तेव्हा अक्षराच्या चौकटीत अर्धवट पांढरा रंग भरला, की मागची गोधडी धुक्यातून दिसावी आणि पुढचा शब्द स्वच्छ वाचता यावा. माणसांच्या फोटोत शब्द छातीवर किंवा खांद्याशी ठेवला. मध्येच एखादा फोटो उडी मारून दुसऱ्या पानावर जायचा आणि त्याला शिव्या बसायच्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्यांना भाभींनी सांगितलं की आबांचं काम चालू आहे, थांबा नाहीतर जेवून या. आबांना त्यांनी तेव्हा पाहिलंही नव्हतं.

सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, उद्या छापते, रंगीत शाई संपली आहे. पण रामला कुठला दम. त्यानं फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि दुसरीकडे छापून, लॅमिनेशन करून संध्याकाळी घरी हजर. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्यावर फोटो आणि अक्षरं एकमेकांना सोडून गेली होती, हे त्यानं बघितलंच नव्हतं. आबांच्या पुढ्यात त्यानं कार्डं मांडली. गोधडीवर 'चहा' होतं. खिलारीवर 'तात्या' होतं. आणि भीमातात्या, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, फेटा बांधून ऐटीत उभे, त्यांच्या छातीवर ठळक अक्षरात 'संडास'.

तात्या तिथंच बसले होते. त्यांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा लावला, वाचलं आणि परत खाली ठेवलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "दादाच्या मनात माझ्याबद्दल काय हाय ते आज कळलं."

आणि आबा हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. त्यांना वाचता येत होतं की तात्यांच्या चेहऱ्याचंच हसू आलं, कुणास ठाऊक. दुखणं आल्यापासून पहिल्यांदा हसले. मग तात्या हसले, राम हसला, आई तोंडाला पदर लावून आत पळाली. भाभींना मी फोनवर सांगितलं तर त्या आधी ओरडल्या, मग त्याही हसत सुटल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक फोटो आणि त्याचा शब्द एकत्र बांधून टाकला. ग्रुप केला म्हणतात त्याला. आता एकाला ओढलं की दुसरा बरोबर येणार. दावं लावलं, असं त्या म्हणाल्या, आणि ह्या वेळी स्वतःच छापलं.

ती कार्डं खरंच कामाला आली. आधी पाणी जमलं, मग चहा. मी 'गाय' म्हटलं की डावं बोट खिलारीवर जायचं. राम जमला, तात्या तर पहिल्या झटक्यात जमले. माझ्या फोटोवर 'सुकन्या' लिहिलं होतं, तेही जमलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत जाऊन रडून आले. पेला फेकणं थांबलं. ह्या सगळ्यात एकच कार्ड जमेना, ते आईचं.

कार्डावर आईचा फोटो होता, चुलतभावाच्या लग्नातला, पैठणीतला. त्यावर मी सांगितल्याप्रमाणे भाभींनी 'आई' असं लिहिलं होतं. मी विचारायचे, आबा, आई कुठं आहे? आबा कार्डांकडे बघायचेच नाहीत. मान वर करून भिंतीकडे बघायचे. तिथं हार घातलेला त्यांच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, फोटो आहे. मी आईचं कार्ड त्यांच्या हातात द्यायचे, ते बाजूला सारायचे आणि पुन्हा भिंतीकडे हात करायचे. तुम्हाला वाचताना एका क्षणात कळलं असेल. आम्हाला कळलं नाही. जन्मभर ज्या बाईला आपण आई म्हणतो, ती घरात सगळ्यांचीच आई असते असं आम्ही धरून चाललो होतो.

मग रामनं डोकं चालवलं. 'आई'च्या जागी 'जयवंता' करून आणलं. त्यानं तर आणखीच बिघडलं. आता आबा भिंतीकडेही बघेनात, नुसते कोऱ्या चेहऱ्यानं बसून राहायचे, कुणा परक्या बाईचं नाव काढल्यासारखे. आबांनी आईचं नाव घेतलेलं मी कधीच ऐकलं नव्हतं. ते रेशनकार्डावर होतं, मतदारयादीत होतं, आबांच्या तोंडात नव्हतं.

आईनं हे सगळं दारातून बघितलं. त्या दिवसापासून तिचं बसणं-उठणं बदललं. आबांना भरवायची, पुसायची, कूस बदलायची, पण त्यांच्या डोळ्याला डोळा देईना. आधीच ती भरवायला गेली की आबा तोंड फिरवायचे. बायकोनं घास भरवायचा ह्याची त्यांना लाज वाटत असणार. आता त्या तोंड फिरवण्याचा तिनं वेगळाच अर्थ लावला. जेवण कमी झालं. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली की त्यांना खिलारी आठवते, तात्या आठवतात, बरंय. आणि तव्यावरची भाकरी उलटली. संस्कृती मॅडमनी फोनवर तिला परोपरीनं सांगितलं की शब्द न लागणं वेगळं आणि माणूस विसरणं वेगळं. आईनं ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला.

मला भीती वाटायला लागली ती आबांची नाही, आईची. आबा हळूहळू वर येत होते आणि आई खाली चालली होती. मी हे भाभींना सांगितलं. त्या फोटो बदलून बघू का, अक्षर मोठं करू का, असं विचारत राहिल्या.

आणि दोन-तीन दिवसांनी भर दुपारी युनूसभाईंचा टेम्पो आमच्या अंगणात. माशांच्या रिकाम्या क्रेटांचा वास आला तसं आमचं कुत्रं शेपूट हलवत टेम्पोभोवती फिरायला लागलं. भाभी उतरल्या आणि आबांकडे न जाता थेट स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन खाली बसल्या. त्या दोघींची ही पहिलीच भेट.

"आता कशाला कार्ड करता, भाभी," आई म्हणाली. "मी पुसली गेले त्यांच्या डोक्यातनं."

भाभींनी तिचा हात धरला. काल घरी जेवायला वाढताना नवऱ्यानं हाक मारली तेव्हा आपल्या डोक्यात उजेड पडला, असं त्यांनी सांगितलं. "आमचं मानूस मला फरिदा म्हनत न्हाय, वहिनी. अल्फियाची अम्मी म्हनतं. उद्या माझ्या फोटूवर फरिदा लिवलं तर त्याला तरी काय कळायचं? आबा तुमाला काय म्हनून हाक मारत्यात?"

आईनं पदर सारखा केला. मी मध्येच तोंड घातलं की आबा 'अगं' म्हणतात, दुसरं काय. भाभींनी मला डोळ्यानं गप्प केलं. आई चुलीतल्या राखेकडे बघायला लागली. म्हातारपणी तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या.

"चारचौघांत अगं," ती म्हणाली. "एरवी शेळगावकरीण."

आईचं माहेर शेळगावचं. ती हाक मी लहानपणापासून हजारदा ऐकली होती. उसाच्या पलीकडच्या बांधावरून, गोठ्यातून, मोटार चालू करून आल्यावर. शेळगावकरीण, भाकरी आन. शेळगावकरीण, आभाळ बघ कसं आलंय. आम्ही पोरं ते आबांचं चिडवणं समजायचो, बायकोच्या माहेराला टोमणा. ते एक नाव आहे आणि ते कागदावर लिहिता येतं, असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

भाभी उठल्या. पैठणीतला फोटो आता चालणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. आईला रोजच्या लुगड्यात गोठ्यापुढं उभं केलं. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून आईनं कपाळावर हात धरला, तर तो काढू दिला नाही. आबा बांधावरून बघायचे तेव्हा ती अशीच दिसत असणार, असं त्या म्हणाल्या. मग आईला टेम्पोत पुढं बसवलं आणि आम्ही भिगवणला गेलो. आबांजवळ तात्या बसले. दुखणं आल्यापासून आई पहिल्यांदा घराबाहेर पडली होती.

दुकानात नवीच अडचण निघाली. शब्द लांबलचक. मॅडमनी सांगितलेल्या मापात लिहिला की तो सरळ आईच्या तोंडावरून जायचा. बारीक केला तर आबांना दिसायचा नाही. तोडून दोन ओळी केल्या तर वाचायला अवघड. मी म्हणाले, जाऊ द्या भाभी, कपाळावर थोडंसं अक्षर आलं तर काय बिघडतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पान आडवं केलं. फोटो मोठा केला, मागे पाठवला, खाली ओढला, पुन्हा वर घेतला. शेवटी आईच्या पायांपुढं सारवलेलं अंगण होतं, त्या अंगणावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तो शब्द पांढऱ्या अक्षरांत बसला. चेहरा पूर्ण मोकळा. मग दोन्ही एकत्र बांधले.

आई प्लास्टिकच्या खुर्चीतून पुढं वाकून पडद्याकडे बघत होती. अक्षरावरून बोट फिरवत तिनं हळूहळू वाचलं.

"हे लिवता येतं व्हय?" ती म्हणाली.

भाभी चष्मा पुसत होत्या.

संध्याकाळी मी आबांपुढं चारच कार्डं मांडली. पाणी, तात्या, सुकन्या आणि हे नवं. आई दाराआड उभी होती. आपल्या वडिलांपुढं तो शब्द उच्चारायचा म्हणजे मलाच चोरट्यासारखं झालं, पण म्हटलं. आबा, शेळगावकरीण कुठं आहे?

आबांचा चेहरा एकदम थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ह्या पोरीला हे कुणी सांगितलं असं विचारल्यासारखं. मग खाली बघितलं. त्यांचा डावा हात पाण्यावर गेला नाही, तात्यांवर गेला नाही. त्यांनी ते आडवं कार्ड उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि छातीवर ठेवून वर हात दाबून धरला. मी मागितलं तरी देईनात. दाराआड बघते तर आई नव्हती. ती गोठ्यात खिलारीच्या पाठीवर डोकं टेकून उभी होती.

भाभींना मी लगेच फोन केला आणि रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, लॅमिनेशनमध्ये बुडबुडा तर राहिला नाही ना? मला काय काय बोलायचं होतं. तुमच्यामुळं माझी आई मला परत मिळाली, हे जन्मभर फिटणार नाही, असं बरंच काही. त्यातलं जमेल तेवढं बोलले. त्यांनी फार बोलू दिलं नाही, दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणाल्या. पुढच्या वेळी भिगवणला गेले ती टेप घेऊनच गेले आणि त्यांच्या मापाचा ड्रेस शिवायला घेतला. आमच्या घरात आता कुठलंही शुभकार्य ठरलं की पहिला फोन त्यांना जातो, मग भटजींना. आई सणावाराला त्यांचं नाव घेतल्याशिवाय ताट वाढत नाही. उपकार हा शब्द आम्ही शिवणकामवाल्या बायका सहज वापरत नाही. इथं मी तो वापरते.

त्या फोननंतरच्या सकाळचं सांगायचं राहिलं. आई चुलीपुढं भाकऱ्या करत होती, मी पीठ चाळत होते. बाहेरच्या खोलीतून टक टक आवाज यायला लागला. जाऊन बघते तर आबा हातातल्या कार्डाची कड खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटत होते. मी पाण्याचं कार्ड दाखवलं, त्यांनी मान हलवली. चहा नको. गोधडी नको. मला हातानं बाजूला केलं आणि पुन्हा टक टक. कार्ड कुठलं आहे ते मी बघेपर्यंत आतून आवाज आला.

"आले, आले."

पिठाचे हात तसेच घेऊन आई बाहेर आली. काय पाहिजे, असं तिनं विचारलं. आबांना काहीच नको होतं. त्यांनी चांगला पाय सरकवला, डाव्या हातानं ओढून दुसरा पाय सरकवला आणि खाटेवर रिकाम्या झालेल्या जागेवर हात थोपटला.

आई बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तव्यावरची भाकर बघ गं, सुकन्या. करपंल."